गुडघ्यातलं पाणी आणि सोन्याचे कण

(या सदराच्या लेखिका सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर आहेत. गोव्यात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. शरीरात बसवलेले सांधे, प्लेट, नळ्या आणि त्यांना होणारा जंतुसंसर्ग या विषयावर आलेल्या पत्रांना त्यांनी या अंकात उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : डॉक्टरबाई, मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमच्या ह्यांचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला. सुरुवातीचे महिने छान गेले, आता पुन्हा दुखतो, रात्री जास्त. ताप नाही. एक्स-रे चांगला आहे म्हणतात, रक्तात सीआरपी थोडं वाढलंय. सर्जन आता सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढायचं म्हणतात. ह्यांचा साफ नकार. सून म्हणते, हल्ली नॅनो सेन्सरवाले सांधे निघालेत, जंतू शिरला की मोबाइलवर कळतं. मग ह्यांना तसा का नाही बसवला? आणि ही सुई खरंच लागते का? – फोंडा

उत्तर : बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. सुई लागते. ह्यांना कसंही करून तयार करा, आणि तोपर्यंत घरात पडलेली कुठलीही अँटिबायोटिकची गोळी त्यांच्या हाती लागू देऊ नका. आधी पाणी, मग गोळी. हा क्रम उलटला की पुढे किती घोळ होतो ते खाली डिचोलीच्या पत्रात वाचा.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही जळजळ झाली की ते वाढतं. दाढ सुजली तरी वाढतं, सर्दी-खोकल्यानेही वाढतं. त्यामुळे ‘काहीतरी चाललंय’ एवढंच ते सांगतं. काय चाललंय आणि कुठे, हे नाही. उलटंही होतं, संसर्ग असूनही ते फारसं वाढत नाही. कृत्रिम सांध्यात बरेचदा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा तुमच्या-माझ्या कातडीवर जन्मभर राहणारा, एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला जंतू. तो ताप आणत नाही, पू करत नाही. धातूवर किंवा प्लॅस्टिकवर जाऊन चिकटतो, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो आणि आत सावकाश वाढतो. या थराला बायोफिल्म म्हणतात. बिल कॉस्टरटन या शास्त्रज्ञाने १९७८ साली या चिकटून राहणाऱ्या जंतूंबद्दल लिहिलं आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की बाटलीत मोकळे तरंगणारे जंतू आणि थरात बसलेले जंतू औषधाला एकसारखे दाद देत नाहीत. मोकळ्या जंतूला मारणारी मात्रा थरातल्या जंतूला शेकडो पट, कधी हजार पट वाढवली तरी पुरत नाही. एवढं औषध माणसाला देता येत नाही.

एक्स-रेमध्ये सांधा ढिला झालेला दिसतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून सुई. निरोगी गुडघ्यातलं पाणी फिकट पिवळं आणि चिकट असतं. काचपट्टीवर थेंब घेऊन सुईच्या टोकाने वर उचलला की त्याची तार निघते, चांगली बोटाच्या पेरापेक्षा लांब. संसर्गाच्या पाण्याची तार निघत नाही, थेंब पाण्यासारखा तुटून पडतो, रंगही गढूळ. मग आम्ही पांढऱ्या पेशी मोजतो. ऑपरेशन जुनं झालेल्या गुडघ्यात एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० च्या वर पेशी, त्यातही बहुतेक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), म्हणजे संशय पक्का होत जातो. उरलेलं पाणी कल्चरला जातं, म्हणजे त्यातून जंतू वाढतो का ते बघायला.

आता सूनबाईंच्या सेन्सरबद्दल. त्यांनी वाचलं ते अगदीच खोटं नाही, दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने सेन्सर असलेल्या एका कृत्रिम गुडघ्याला परवानगी दिली. हा सांधा माणूस किती पावलं चालला, किती वेगाने चालला, गुडघा किती वाकला हे मोजून पाठवतो. जंतू ओळखत नाही. जंतू ओळखणाऱ्या सांध्यांचं काम प्रयोगशाळांमध्ये चाललंय. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठात थॉमस वेब्स्टर यांच्या गटाने टायटॅनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने अतिसूक्ष्म नळ्या तयार केल्या आणि त्यांतून कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवल्या. हाडाच्या पेशींनी तिथे कॅल्शियम साठवलं की विजेच्या मोजणीत फरक पडतो, हे त्यांनी २००८ च्या सुमारास दाखवलं. पुढचा विचार असा की याच वाटेने धातूवर कोण येऊन बसलं ते ओळखायचं : हाड, व्रणाची ऊती की जंतू. क्लेमसन विद्यापीठात जेफ्री अँकर यांचा गट वेगळ्या वाटेने गेला. जंतू जिथे साखर खातात तिथे आम्लता वाढते. प्लेटवर आम्लतेनुसार रंग बदलणारा लेप द्यायचा, त्याखाली क्ष-किरण पडले की चमकणारे कण ठेवायचे, आणि बाहेरून क्ष-किरण सोडून तो प्रकाश कातडीतून मोजायचा. बॅटरी नको, तार नको. मला स्वतःला ही दुसरी कल्पना जास्त आवडते, कारण ती आहे त्या एक्स-रेच्या खोलीत शिरू पाहते.

अडचणी मात्र साध्या नाहीत. कुठलीही वस्तू शरीरात घातली की काही मिनिटांत रक्तातली प्रथिनं तिला झाकून टाकतात, सेन्सरलासुद्धा. सांधा पंधरा-वीस वर्षं चालतो, तेवढी वर्षं सेन्सर शुद्धीवर राहायला हवा. आणि त्याने दर पावसाळ्यात खोटी हाक दिली तर? तुमच्या ह्यांचा गुडघा काही नसताना उघडावा लागेल. म्हणून मला कोणी आज विचारलं, तुमच्या गुडघ्यात असा सेन्सर घालू का, तर मी नको म्हणेन. सुई घालू का विचारलं तर पाय पुढे करेन.

प्रश्न : माझी मालिम जेटीवर मासेमारीची बोट आहे. जून-जुलैच्या बंदीत आम्ही तिला वर ओढतो, तळ खरवडतो आणि तांब्याचा रंग मारतो, मग शेवाळ धरत नाही. माझ्या आईचा खुब्याचा सांधा बदलला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की धातूवर जंतूंचा चिकट थर बसू शकतो. म्हणजे बोटीसारखंच की! मग सांध्याला असा रंग का मारत नाहीत? – बेती

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोघा-तिघांना वाचून दाखवलं. बोटीसारखंच आहे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुमच्या जेटीपासून फार लांब नाही, दोनापावलला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बोटींच्या तळावर बसणाऱ्या याच थराचा अभ्यास होत आलाय. नवा पत्रा समुद्रात बुडवला की आधी पाण्यातले सेंद्रिय रेणू त्यावर बसतात, त्यावर जिवाणू, त्यावर शेवाळ, मग ती हात कापणारी कवचं. शरीरातही पहिल्या दोन पायऱ्या तशाच. आधी रक्तातली प्रथिनं, मग जंतू, संधी मिळाली तर.

अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन डॉक्टरांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. नव्या धातूवर शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या तर हाड त्याला धरून वाढतं आणि जंतूंना जागा उरत नाही. जंतू आधी पोहोचले तर आमच्याकडे काम येतं.

रंगाचं म्हणाल तर तुमचा रंग विष झिरपवत राहतो, म्हणून चालतो. समुद्र मोठा, विष वाहून जातं. तरी पूर्वीच्या कथिलाच्या रंगाने कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली, गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि शेवटी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार करून तो रंग बंद करावा लागला. करार २००८ पासून लागू झाला. आईच्या खुब्यात समुद्र नाही. तिथे झिरपलेलं विष आधी तिच्याच हाडाच्या पेशींना सोसावं लागेल.

तरीही तुमचीच कल्पना घेऊन लोक कामाला लागले आहेत. चांदीचे आयन जंतूंना मारतात. युरोपात हाडाचा कर्करोग काढून जे मोठे सांधे बसवतात त्यांच्यावर चांदीचा मुलामा देतात, कारण त्या ऑपरेशनांत संसर्गाचं प्रमाण फार. मुलामा फक्त दांड्याच्या बाहेरच्या भागाला, घासणाऱ्या भागाला नाही. चांदी फार झाली तर कातडी निळसर-करडी पडते आणि तो रंग परत जात नाही. चांदी नॅनोकणांच्या रूपात वापरली तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो, थोड्या चांदीत काम भागतं, हा त्यामागचा हिशोब. टायटॅनियमवर नॅनोनळ्या करून त्यांत अँटिबायोटिक भरून ठेवण्याचेही प्रयोग आहेत. माझी शंका एकच. मेलेले जंतू तिथेच चिकटून राहतात आणि त्यांच्या अंगावर पुढची फळी बसते. तुम्ही रंगाला दरवर्षी नवा हात देता, सांध्याला कोण देणार?

आणि एक जुनी गोष्ट. हाडात सांधा बसवायला जे सिमेंट वापरतात त्यात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनी १९७० मध्ये मांडली. आईचा सांधा सिमेंटने बसवला असेल तर त्यात जेंटामायसिन आधीच असू शकतं. डिस्चार्जच्या कागदावर बघा. म्हणजे ‘रंग’ मारूनच दिलाय. खरवडणं म्हणाल तर तेही आम्ही करतो. संसर्ग तीन-चार आठवड्यांच्या आत कळला तर सांधा उघडून धुतात, आतला प्लॅस्टिकचा भाग बदलतात आणि धातू तसाच ठेवतात. थर जुना झाला की हे जमत नाही, सगळा सांधा काढावा लागतो. लवकर ओळखायची धडपड चाललीय ती या तीन-चार आठवड्यांसाठी.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोन्याच्या नॅनोकणांनी जंतू ओळखता येतात असं सरांनी सांगितलं. पण सोनं तर कशाशीच रिॲक्शन करत नाही! मग ते ओळखतं कसं? या विषयावर प्रोजेक्ट करता येईल का? – केपे

उत्तर : सोनं ओळखत नाही गं, ओळखतं त्याच्यावर चिकटवलेलं प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच धरणारं प्रथिन. सोन्याचं काम दिसण्याचं.

माप आधी डोक्यात बसव. १ मीटरचे १०० कोटी भाग केले की एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. स्टॅफिलोकॉकसचा एक गोळा साधारण १,००० नॅनोमीटरचा. पट्टीच्या चाचण्यांतले सोन्याचे कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे, म्हणजे एका जंतूच्या रुंदीत पंचवीस-पन्नास कण ओळीने बसतील. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही. प्रकाशाने त्यातले इलेक्ट्रॉन एका लयीत हलतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि द्रव माणकासारखा लाल दिसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये असा लाल द्रव करून दाखवला होता. हे कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की लालाचा निळा-जांभळा होतो. म्हणजे जंतूच्या अंगावर कण गर्दी करून बसले तर रंग बदलतो, यंत्राशिवाय डोळ्यांना दिसतो. कोविडच्या किटवरची लालसर रेघ आठव. बहुतेक किटांत ती सोन्याच्या कणांचीच होती.

सांध्यासाठी अशी एक पट्टी खरोखर वापरात आहे. तिला एफडीएची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. गुडघ्यातलं पाणी घालायचं, दहा मिनिटांत रेघ. पण ती रेघ जंतूची नसते. न्यूट्रोफिल पेशी जंतूंशी लढताना अल्फा डिफेन्सिन नावाचं प्रथिन सोडतात, त्याची असते. घरात चोर आलाय एवढं कळतं, नाव कळत नाही. नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही, म्हणून कल्चर चुकत नाही.

नाव सांगणारी एक नॅनो पद्धतही बाजारात आली, ती चुंबकीय कणांची. रक्तातल्या जंतूंच्या डीएनएच्या प्रती काढायच्या, त्यांना चिकटणारे चुंबकीय नॅनोकण घालायचे, ते गोळा झाले की चुंबकीय अनुनादाचा (एमआरआयमागचं तत्त्व) संकेत बदलतो. २०१८ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ही चाचणी पाच जिवाणू तीन ते पाच तासांत ओळखत होती, कल्चरची वाट न बघता. मात्र ती रक्तासाठी आहे. आणि थरात दडून बसलेला जंतू रक्तात उतरतच नाही तिथे यंत्र तरी काय करणार?

प्रोजेक्टचं : जंतूंच्या नादाला लागू नकोस. स्वतःच्या नाकातला स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस ऑरियस) वाढवून बघायची हौस तुम्हा मुलांना असते. तीनातल्या एकाच्या नाकात तो निघतोही, पण त्यासाठी जैवसुरक्षेची सोय लागते. त्याऐवजी तुर्केविच यांची १९५१ ची पद्धत कर. क्लोरोऑरिक आम्लाचं (यात सोनं असतं) खूप पातळ द्रावण उकळत ठेवायचं आणि सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. फिकट पिवळा रंग जातो, मग द्रावण काळपट-निळसर होतं, वाटतं बिघडलं, आणि बघता बघता वाइनसारखं लाल. मग परीक्षानळीत थोडं घेऊन त्यात मिठाचं पाणी टाक, निळं पडेल. काचेची भांडी कमालीची स्वच्छ हवीत, नाहीतर दुसराच रंग येईल. भांडी धुवायचं आम्ल सरांच्या हातूनच. आणि मिठाने निळं का पडलं याचं उत्तर आधी स्वतः शोध. तोंडी परीक्षेत तोच प्रश्न येणार.

प्रश्न : माझ्या वडलांच्या बदललेल्या गुडघ्यातलं पाणी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ‘जंतू वाढला नाही’ असा रिपोर्ट. तरी सर्जन म्हणतात संसर्ग आहे, सांधा काढावा लागेल. आधी आमच्या ओळखीच्या एकांनी अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले होते. त्या प्रत्येक वेळी बरं वाटायचं. लॅबवाल्यांनी नीट केलं नाही, की सर्जन उगाच ऑपरेशन करतायत? आमचा दोघांवरचाही विश्वास उडालाय. – डिचोली

उत्तर : तुमचा राग कळतो. पण लॅब आणि सर्जन दोघांना बाजूला ठेवून ते तीन कोर्स बघा. गोळी पाण्यातले मोकळे जंतू मारते. सूज उतरते, बरं वाटतं. थरातले जंतू तसेच. मग सुई घातली की पाण्यात काहीच मिळत नाही. रिपोर्ट खरा असतो आणि संसर्गही खरा असतो.

यावर अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधून २००७ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काढलेला सांधा द्रावणात ठेवून त्याला ध्वनिलहरींनी हादरे द्यायचे, म्हणजे थर सुटून द्रावणात येतो, आणि त्या द्रावणाचं कल्चर करायचं. चष्म्याच्या दुकानात काचा धुवायची थरथरणारी टाकी बघितली असेल, तत्त्व तेच. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आजूबाजूच्या मांसाच्या तुकड्यांतून, जवळपास ६१ टक्के संसर्ग पकडले गेले. या पद्धतीने जवळपास ७९ टक्के. आणि ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात नेहमीची पद्धत ४५ टक्क्यांवर घसरली, हादऱ्यांची ७५ वर राहिली. ४५ म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा या गोष्टी विचारा. वडलांची प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिक दोन आठवडे थांबवून पुन्हा पाणी काढता येईल का? प्रकृती बिघडत असेल तर हा प्रश्न सोडून द्या, मग थांबायचं नाही. ऑपरेशनमध्ये एक-दोन नव्हे, वेगवेगळ्या जागचे निदान पाच तुकडे कल्चरला जाणार का? कल्चरची प्लेट (जंतू वाढवायची बशी) १४ दिवस ठेवणार का? क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा एक आळशी जंतू आहे, तो पाचव्या दिवशी प्लेट फेकली तर कधीच दिसत नाही. आणि हादऱ्यांची सोय कुठे करता येईल? असे प्रश्न विचारल्यावर चांगला सर्जन रागावत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसतो.

नॅनो इथेही आहे. प्रथिनाच्या १ नॅनोमीटरच्या आसपासच्या छिद्रातून डीएनएचा धागा ओढायचा आणि विजेच्या प्रवाहात होणाऱ्या चढउतारांवरून अक्षरं वाचायची, याला नॅनोपोर म्हणतात. यंत्र खिशात मावेल एवढं. जंतू वाढवावा लागत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक घेतलेल्यांत त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे. पण ते मेलेल्या जंतूचं नावही वाचतं आणि कातडीवरून चुकून आलेल्या जंतूचंही. खरा गुन्हेगार कोणता ते ठरवायला माणूस लागतोच.

ओळखीच्या त्या गृहस्थांना माझा निरोप द्या, की कृत्रिम सांधा सुजला तर प्रिस्क्रिप्शनचं पॅड उघडू नका, सर्जनला फोन लावा.

प्रश्न : सासरे अंथरुणाला खिळून आहेत, लघवीची नळी कायमची आहे. परवा पिशवी चक्क जांभळी झाली. आम्ही घाबरलो. शेजारचा मुलगा म्हणाला की पिशवीत नॅनो सेन्सर असेल, संसर्ग झाला की रंग बदलतो. – काणकोण

उत्तर : मुलगा हुशार आहे, पण हा रंग जंतूंनी स्वतः केलाय, फुकटात. बद्धकोष्ठ असलेल्या वयस्क माणसांत आतड्यातले जंतू ट्रिप्टोफॅनपासून (अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक) एक पदार्थ तयार करतात. तो लघवीत उतरतो, नळीतले जंतू त्याचं निळं आणि लाल रंगद्रव्य करतात, दोन्ही मिळून जांभळं. निळं म्हणजे चक्क नीळ. दिसायला भयंकर, एरवी बहुधा निरुपद्रवी. नळी आणि पिशवी बदलून घ्या, पोट साफ होईल असं बघा. ताप, थंडी, बरळणं, पोटात दुखणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काही नसेल तर उगाच लघवीचं कल्चर करू नका. महिनाभर नळी राहिली की लघवीत जंतू सापडतातच, आणि रिपोर्ट हातात आला की कोणीतरी गोळ्या लिहितोच.

रंग बदलणाऱ्या नळीचं काम इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात झालंय. प्रोटियस मिराबिलिस हा जंतू लघवी अल्कधर्मी करतो, त्यातून खडे जमून नळी तुंबते. नळीला दोन थरांचा लेप द्यायचा, अल्कधर्मी झाल्यावर वरचा थर विरघळतो आणि आतला पिवळा-हिरवा रंग पिशवीत येतो. प्रयोगशाळेतल्या नमुना मूत्राशयात नळी तुंबायच्या १२ तास आधीपर्यंत इशारा मिळाला. सगळ्या नॅनो बातम्यांत माणसाच्या घरापर्यंत आधी ही पोहोचावी असं मला वाटतं, कारण रात्री दोन वाजता तुंबलेली नळी म्हणजे काय ते काणकोणच्या आत राहणाऱ्यालाच ठाऊक.

प्रश्न : दोन्ही गुडघे बदललेले आहेत. दात काढायचाय. आधी अँटिबायोटिक घेऊ का? – म्हापसा

उत्तर : सरसकट घ्यायची गरज नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचंही २०१५ पासून हेच म्हणणं आहे. हृदयाची झडप कृत्रिम असेल तर मात्र घ्यायचं असतं, तो नियम वेगळा. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर सर्जनना विचारा. किडका दात तसाच ठेवणं गुडघ्याला जास्त वाईट, तेव्हा काढून टाका.

प्रश्न : वय ६६, मधुमेह आहे. गुडघ्याचं ऑपरेशन चवथीआधी उरकावं असं मुलगा म्हणतो, म्हणजे आरतीला उभं तरी राहता येईल. संसर्ग होऊ नये म्हणून आधी काय करू? – साखळी

उत्तर : चवथीची तारीख ठरलेली, साखर कधी ताब्यात येईल ते ठरलेलं नाही. एचबीए१सी बघा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी. ते ८ च्या वर असेल तर मुलाला सांगा की यंदा आरती खुर्चीत बसून. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात आणि वर बेतीच्या पत्रात सांगितलेल्या शर्यतीत जंतू पुढे जातात.

मग पाय बघा. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतील तर त्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत ऑपरेशन नको. टाचेच्या भेगा, गळू, नख रुतलेलं, खाजवून झालेल्या जखमा, सगळं आधी बरं करून घ्या. नाकातला स्टॅफ तपासायची सोय असेल तर तपासा. सापडला तर पाच दिवस नाकात मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आंघोळ, एवढंच असतं. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक कापे पडतात. दात दाखवून या. तंबाखू, मिश्री जे काही चालू असेल ते बंद.

ऑपरेशननंतर टाक्यांतून पाणी येत राहिलं, पाच-सात दिवसांनंतरही ड्रेसिंग भिजत असलं, तर हळद लावून वाट बघू नका, सर्जनना दाखवा. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला स्टुलावर चढायचं काम मात्र यंदा मुलाकडे द्या. गुडघा बदलो न बदलो, ते तुम्ही करायचं नाही.